अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास नेमका कधी वापरायचा? कापसाच्या हमीभावावरून समजून घेऊ

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकताना क्लास कळतो, ऑब्जेक्ट कळतं, इनहेरिटन्सही कळतो. मग अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लासचा धडा येतो आणि गाडी अडते. व्याख्या सगळ्यांना पाठ असते: ज्या क्लासचं ऑब्जेक्ट बनवता येत नाही, तो अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास. परीक्षेत त्याचे दोन मार्कही मिळतात. पण ज्याचं ऑब्जेक्टच बनत नाही, तो क्लास लिहायचा तरी कशाला? हे मात्र कोणी नीट सांगत नाही. उदाहरणंही ठरलेली. प्राणी आणि कुत्रा, आकार आणि वर्तुळ. कुत्रा भुंकतो, मांजर म्याव करते आणि आपण पुढच्या धड्याला लागतो.

मी अमरावतीत मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी कापूस, सोयाबीन नाहीतर तूर असते. म्हणून मी कुत्रा-मांजर बाजूला ठेवतो आणि कापूस घेतो. आजच्या लेखातही तेच करू. कोड मी मराठीतच लिहिणार आहे. जावा, कोटलिन, डार्ट, पायथन, तुम्ही जे शिकत असाल त्यात तो सहज उतरवता येईल.

अ‍ॅप काय करणार?

समजा आपल्याला एक छोटं मोबाईल अ‍ॅप बनवायचं आहे. शेतकऱ्यानं वजन टाकायचं, मालाचा ओलावा टाकायचा आणि अ‍ॅपनं सांगायचं की हमीभाव केंद्रावर अंदाजे किती रुपये मिळतील. एवढंच काम.

काम छोटं दिसतं, पण यात घरचा पैसा आहे. अ‍ॅपनं "माल चालेल" म्हटलं की माणूस भाड्याची गाडी सांगतो, हमाल लावतो, केंद्रावर जाऊन रांगेत उभा राहतो. तिथे ओलावा जास्त निघाला तर माल परत. भाडं गेलं, दिवस गेला. म्हणून अ‍ॅपनं चुकीचं उत्तर देण्यापेक्षा उत्तर न दिलेलं परवडतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता नियम बघू. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल आहे, मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये. सोयाबीनचा ५,३२८ रुपये. कापूस सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ घेतं. तिथे ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो. त्यापुढे जितके टक्के ओलावा जास्त, तितके टक्के भाव कमी. १२ टक्क्यांच्या वर गेला की माल घेतच नाहीत.

सोयाबीनचं गणित वेगळं. तिथे ओलाव्याची मर्यादा साधारणपणे १२ टक्के असते. मर्यादेच्या आत असेल तर पूर्ण भाव, बाहेर असेल तर माल नाही. मधला उतार नाही. शिवाय काडीकचरा किती, फुटके दाणे किती, हेही बघतात.

म्हणजे दोन्ही पिकांचा क्रम एकच आहे: आधी माल चालेल का बघा, मग कपात काढा, मग वजनाने गुणा, मग रक्कम दाखवा. पण "माल चालेल का" आणि "कपात किती" या दोन प्रश्नांची उत्तरं प्रत्येक पिकाची स्वतःची आहेत. क्रम सारखा आणि उत्तरं वेगळी, असं दिसलं की अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लासचा विचार सुरू करायचा.

आधी साधा क्लास वापरून बघू

पहिला मोह हा होतो: एक साधा पालक क्लास लिहू, त्यात "कपात" नावाची मेथड ठेवू आणि तात्पुरतं ० परत करू. "माल चालेल" मध्ये तात्पुरतं "हो" परत करू. ज्या पिकाला वेगळं हवं, त्याचा चाइल्ड क्लास ती मेथड बदलून घेईल.

कोड चालतो. प्रोजेक्टमधल्या दुसऱ्या मित्रानं कापसाचा क्लास लिहिला आणि कपात लिहायची राहून गेली, तरीही चालतो! घोळ नेमका इथेच आहे.

हिशोब करून बघा. २० क्विंटल लांब धाग्याचा कापूस, ओलावा १० टक्के. खरा नियम लावला तर ८ च्या वर २ टक्के, म्हणून भावात २ टक्के कपात, म्हणजे १६२.२० रुपये. भाव उरला ७,९४७.८० आणि रक्कम झाली १,५८,९५६ रुपये. पण कपात राहून गेलेला क्लास पालकाकडून ० उचलतो आणि १,६२,२०० दाखवतो. फरक ३,२४४ रुपयांचा. स्क्रीनवर एरर नाही, लाल रेघ नाही, अ‍ॅप बंद पडलं नाही. आकडा अगदी ऐटीत दिसतो.

ओलावा १४ टक्के असता तर आणखी वाईट. पालकाचं तात्पुरतं "हो" तसंच राहिलं असतं आणि माणूस गाडी भरून निघाला असता.

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे "इथे माझ्याकडे उत्तर नाही"

आता तोच क्लास असा लिहू:

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास हमीभाव_अंदाज
— माहिती: वजन, ओलावा, दर
— फायनल मेथड अंदाज_काढ:
—— माल_चालेल "नाही" म्हणाला, तर "माल घेतला जाणार नाही" असं दाखव आणि थांब
—— हातातला_भाव = दर − कपात
—— रक्कम = वजन × हातातला_भाव
—— रक्कम दाखव
— अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मेथड माल_चालेल
— अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मेथड कपात

क्लास कापूस, हमीभाव_अंदाज वरून
— माल_चालेल: ओलावा १२ किंवा कमी असेल तर हो
— कपात: ओलावा ८ च्या वर असेल तर दराच्या (ओलावा − ८) टक्के, नाहीतर ०

क्लास सोयाबीन, हमीभाव_अंदाज वरून
— जास्तीची माहिती: काडीकचरा, फुटके दाणे
— माल_चालेल: ओलावा आणि ही जास्तीची माहिती, सगळं मर्यादेत असेल तर हो
— कपात: ०

शेवटची ओळ बघा. सोयाबीनची कपातही ० च आहे. मग आधीच्या शून्यात आणि या शून्यात फरक काय? फरक असा की हे शून्य कोणीतरी नियम बघून, विचार करून लिहिलं आहे. आधीचं शून्य कोणीच लिहिलं नव्हतं, ते वरून गळालं होतं.

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मेथडला अंग नसतं, फक्त नाव असतं. पालक क्लास जणू म्हणतो, "कपात काढावी लागते एवढं मला ठाऊक आहे, पण किती ते मला विचारू नका, पिकाला विचारा." आणि कापसाच्या क्लासमध्ये कपात लिहायची राहिली, तर जावा किंवा कोटलिनचा कंपायलर तिथेच अडवतो. अ‍ॅप तयारच होत नाही. चूक शेतकऱ्याच्या मोबाईलवर जाण्याआधी तुमच्या लॅपटॉपवर सापडते. पायथनमध्ये ही तपासणी थोडी उशिरा, ऑब्जेक्ट बनवताना होते, पण होते.

म्हणून माझा नियम असा: सगळ्यांचं काम खरोखर एकाच क्रमानं चालतं, पण मधल्या एखाद्या पायरीला प्रामाणिक डिफॉल्ट उत्तर देता येत नाही, तेव्हा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास वापरा. दोन्ही अटी लागतात. एकीवर भागत नाही.

ऑब्जेक्ट का बनत नाही, हेही आता कळेल. "हमीभाव_अंदाज" चं ऑब्जेक्ट बनवलं असतं आणि त्याला कपात विचारली असती, तर तो काय सांगणार? त्याच्याकडे उत्तरच नाही. अर्धवट क्लासला कामाला लावायचं नाही, एवढाच त्या बंदीचा अर्थ.

हा विचार आपल्या वऱ्हाडाला नवीन नाही

कापसाच्या बाजारावर नियम बसवण्याची सुरुवात वऱ्हाडातच झाली. कारंजा लाड, जे आज वाशीम जिल्ह्यात आहे, तिथला कापूस बाजार १८८६ मध्ये नियंत्रित झाला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचंच नाव घेतात. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. १९२८ च्या शाही कृषी आयोगानं नियंत्रित बाजारांची शिफारस केली, तेव्हा त्याच्यापुढे वऱ्हाडची ही पद्धत होती. महाराष्ट्राचा आजचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा.

याचा प्रोग्रॅमिंगशी संबंध काय? कायदा सगळ्या बाजारांचा सांगाडा ठरवतो, आणि काही गोष्टी प्रत्येक बाजार समितीनं आपल्या उपविधीत ठरवायच्या असतात. पण कायद्यात जाऊन कोणी कापूस विकू शकत नाही! विकायचा तर अमरावतीच्या नाहीतर अकोल्याच्या खऱ्याखुऱ्या बाजारातच जावं लागतं. कायदा हा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास, बाजार हे ऑब्जेक्ट.

तीन प्रकारच्या मेथड, तीन वेगळे निर्णय

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लासमध्ये सगळ्याच मेथड अ‍ॅब्स्ट्रॅक्ट असतात, असा काहींचा समज असतो. तसं नाही. प्रत्येक मेथडबद्दल आपण वेगळा निर्णय घेतो.

पहिला प्रकार, कोणी हात लावायचा नाही. आपली "अंदाज_काढ" ही तशी. तिच्यातला क्रम कोणत्याही पिकानं बदलू नये, म्हणून तिला फायनल केलं. जावामध्ये ते मुद्दाम लिहावं लागतं. कोटलिनमध्ये मेथड मुळातच फायनल असते, बदलू द्यायची असेल तर तसं सांगावं लागतं. असा पक्का क्रम पालकात आणि मोकळ्या पायऱ्या चाइल्डमध्ये, या रचनेला टेम्प्लेट मेथड म्हणतात. १९९४ च्या डिझाइन पॅटर्न्सच्या गाजलेल्या पुस्तकातही ती याच नावानं आहे.

दुसरा प्रकार, डिफॉल्ट चालतं, हवं तर बदला. उदाहरणार्थ "रक्कम दाखवताना भाषा कोणती?" डिफॉल्ट मराठी. एखाद्यानं बदललं नाही तर कोणाचं नुकसान होत नाही. ही साधी मेथड.

तिसरा प्रकार, उत्तर दिलंच पाहिजे. "माल_चालेल" आणि "कपात". या अ‍ॅब्स्ट्रॅक्ट.

मेथड कोणत्या प्रकारात टाकायची हे ठरवायला एक प्रश्न पुरतो: "हे कोणी लिहायला विसरलं, तर काय होईल?" काही बिघडत नसेल तर साधी मेथड. कोणाचं नुकसान होत असेल तर अ‍ॅब्स्ट्रॅक्ट.

नियम बदलला की फायदा दिसतो

२०२४-२५ च्या खरिपात केंद्र सरकारनं सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. आपल्या अ‍ॅपमध्ये असा बदल करायचा तर? फक्त सोयाबीनच्या "माल_चालेल" मधला आकडा बदलायचा. कापसाच्या क्लासला धक्का नाही, क्रमाला धक्का नाही. हेच सगळं एका लांबलचक मेथडमध्ये "पीक कापूस असेल तर, सोयाबीन असेल तर" असं लिहिलं असतं, तर प्रत्येक बदलाला सगळी रांग चाळावी लागली असती.

कधी वापरायचा नाही?

नवीन शिकलेली गोष्ट सगळीकडे लावून बघावीशी वाटते. तीन ठिकाणी थांबा.

एक, फरक फक्त आकड्याचा असेल तेव्हा. लांब धागा ८,११० आणि मध्यम धागा ७,७१०. म्हणून "लांब_कापूस" आणि "मध्यम_कापूस" असे दोन क्लास करायचे का? अजिबात नाही. कपातीचा नियम एकच आहे, फक्त दर वेगळा. दर ही माहिती आहे, ती ऑब्जेक्ट बनवताना द्या. तसंही हमीभाव दरवर्षी बदलतो. आदल्या हंगामात लांब धागा ७,५२१ होता आणि सोयाबीन ४,८९२. असे आकडे कोडमध्ये कोंबू नका, बाहेर फाईलमध्ये किंवा सर्व्हरवर ठेवा.

दोन, क्रमच वेगळा असेल तेव्हा. वरूड-मोर्शीकडचा संत्रा घ्या. संत्र्याला हमीभाव नाही, ओलाव्याची अट नाही. पुष्कळदा झाडावर फळं असतानाच अख्ख्या बगीच्याचा सौदा होतो. "संत्राही शेतमालच आहे ना" म्हणून त्याला "हमीभाव_अंदाज" खाली बसवलं, तर ओलावा ० टाका, माल_चालेल मध्ये नेहमी "हो" लिहा, अशा पळवाटा काढाव्या लागतील. चाइल्ड क्लासमध्ये खोटी उत्तरं लिहायची वेळ आली, की समजायचं नातंच चुकलं आहे.

तीन, फरक दोन दिशांनी वाढत असेल तेव्हा. आज आपण फक्त हमीभाव केंद्र धरलं. उद्या खासगी व्यापारी आला, परवा आणखी एक प्रकारचा खरेदीदार आला. ३ पिकं आणि ३ खरेदीदार, प्रत्येक जोडीचा एक क्लास म्हटलं तर ९ क्लास झाले. त्यापेक्षा खरेदीदाराचा नियम वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये काढा आणि पिकाच्या क्लासला तो बाहेरून द्या. मग ३ अधिक ३, सहामध्ये काम भागतं.

"सर, हे इंटरफेसनं नाही होत काय?"

हा प्रश्न मला दर बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच. "इंटरफेस हाये ना, मंग अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास कायले लागते?" प्रश्न रास्त आहे.

इंटरफेस म्हणजे "हे काम मला येतं" असं दिलेलं वचन. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास म्हणजे "आमचं घर एक आहे". संत्र्याचा सौदा आणि कापसाचा अंदाज, दोन्हींची पावती छापता आली पाहिजे. पण त्यांचं घर एक नाही. तिथे "छापता_येतं" असा इंटरफेस करा आणि दोघांनाही लावा. कापूस आणि सोयाबीन यांची माहिती सारखी, क्रम सारखा, तिथे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास.

जावामध्ये एका क्लासला पालक क्लास एकच घेता येतो, इंटरफेस मात्र कितीही. म्हणून ती एकुलती एक जागा कोणाला द्यायची ते विचार करून ठरवा. २०१४ च्या जावा ८ पासून इंटरफेसमध्येही डिफॉल्ट मेथड लिहिता येतात, त्यामुळे दोघांतलं अंतर कमी झालं. तरी प्रत्येक ऑब्जेक्टची स्वतःची माहिती, जसं आपलं वजन आणि ओलावा, इंटरफेसला साठवता येत नाही. त्याला कन्स्ट्रक्टरही नसतो.

सोपं सांगायचं तर, फक्त वचन वाटून घ्यायचं असेल तर इंटरफेस. माहिती आणि कामाचा क्रमही वाटून घ्यायचा असेल तर अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास. शंका असेल तर आधी इंटरफेस. तो नंतर सोडवणं सोपं जातं.

एक खड्डा, आधीच दाखवून ठेवतो

पालक क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधून अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मेथड कधीच बोलावू नका. जावामध्ये आधी पालकाचा कन्स्ट्रक्टर चालतो, मग चाइल्डचा. समजा ओलावा पालकाऐवजी कापसाच्या क्लासमध्ये साठवला आहे आणि पालकानं कन्स्ट्रक्टरमध्येच कपात विचारली. त्या क्षणी ओलाव्याच्या जागी अजून काही भरलेलंच नसतं, म्हणजे ०. ओलावा ० म्हणजे कपात ०. पुन्हा तेच ऐटबाज १,६२,२००! आधी ऑब्जेक्ट पूर्ण बनू द्या, मग "अंदाज_काढ" बोलवा.

तुमच्या मोबाईलमध्ये हे आत्ता चालू आहे

अँड्रॉइडमध्ये बॅटरी कमी झाली, चार्जर लावला, असे निरोप अ‍ॅपपर्यंत पोहोचवायला ब्रॉडकास्ट रिसीव्हर नावाचा क्लास आहे. तो अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आहे. निरोप कसा पोहोचवायचा ते अँड्रॉइड बघतं, पण निरोप आल्यावर काय करायचं, ती "ऑन रिसीव्ह" मेथड तुम्हालाच लिहावी लागते. कारण गुगलला तुमच्या अ‍ॅपचं उत्तर कुठून ठाऊक असणार? फ्लटरमध्ये शिकत असाल तर स्टेटलेस विजेटही अ‍ॅब्स्ट्रॅक्टच आहे आणि त्याची "बिल्ड" मेथड तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहे. म्हणजे तुम्ही अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास कितीतरी दिवसांपासून वापरताच आहात, फक्त दुसऱ्यानं लिहिलेले.

आता सरावासाठी एक काम. याच अ‍ॅपमध्ये तूर जोडा. २०२५-२६ चा तिचा हमीभाव ८,००० रुपये क्विंटल आहे. क्लास लिहायच्या आधी कागदावर तीन ओळी लिहा: तुरीचा क्रम वरच्यासारखाच आहे का? तिची कोणती उत्तरं खरोखर वेगळी आहेत? आणि त्यातलं कोणतं उत्तर राहून गेलं तर एखाद्याचं भाडं फुकट जाईल? तिसऱ्या ओळीत जे येईल, ती तुमची अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मेथड. मग कोड लिहा, आणि एकदा ती मेथड मुद्दाम गाळून बघा. कंपायलर ओरडला की समजायचं, क्लास बरोबर बसला.